तो काही करत नाही हो!

कुत्रा पाळायचं मनावर घेतलंच असेल, तर लॅब्राडोरच्या भानगडीत पडू नका. लॅब्राडोर दिसला की सोसायटीतली पोरं धावत येतात, त्याचे कान ओढतात, आणि महिन्याभरात तुम्ही 'ब्रूनोचे बाबा' होऊन बसता. एवढ्यासाठी का आपण पदरचे पैसे मोजायचे? आपल्याला असं जनावर हवं, की ते खाली उतरलं रे उतरलं की बाग रिकामी झाली पाहिजे, आजोबांचा कट्टा उठला पाहिजे. रॉटवायलर बघा. पिटबुल बघा. अंगण-बिंगण काही लागत नाही. टू बीएचकेची बाल्कनी पुरे, तीही कपडे वाळत घालून उरेल तेवढी.

नावाच्या बाबतीत हयगय नको. मोती, राजा ही माणसांत राहणाऱ्या कुत्र्यांची नावं. आपण 'डॉन' ठेवायचं, नाहीतर 'सरकार'. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, शेजारी काळा गॉगल लावलेले तुम्ही, खाली 'नाद करायचा नाय'. हा फोटो इन्स्टाग्रामवर पडला की कुत्रा पाळण्याचं निम्मं काम संपलं.

उरलेलं निम्मं म्हणजे संगोपन. रॉटवायलर ही जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या नावाची जात. तिथले खाटीक गुरं हाकायला आणि मांसाच्या गाड्या ओढायला हे कुत्रे वापरत. नराचं वजन सहज ५० किलोपर्यंत जातं. अशा जनावराला रोज दमवावं लागतं, डोक्याला काम द्यावं लागतं, असं जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही त्याला आखूड साखळीनं बाल्कनीच्या गजाला बांधा आणि ऑफिसला जा. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना त्याला नवी माणसं, लहान मुलं, छत्र्या, हेल्मेट, ढोल-ताशे यांची हळूहळू ओळख करून दिली, तर मोठेपणी ते बिचकत नाही. हा धोका कटाक्षानं टाळा. रेनकोट घातलेला माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा थेट तिसऱ्या वर्षी दिसला पाहिजे, आणि तोही लिफ्टमध्ये.

गुरगुरण्याचा बंदोबस्त मात्र लवकर करा. चारचौघांत कुत्रा गुरगुरला की लोक आपल्याकडे बघतात, बरं दिसत नाही. खरं तर 'आता पुरे, लांब व्हा' हे सांगण्याचा त्याचा तो सभ्य मार्ग. तीन-चारदा चपलेनं हाणलात की तो गुरगुरायचं सोडतो. चावायचं सोडत नाही, फक्त मधली पायरी गाळतो. मग तुम्हाला छाती पुढे काढून सांगता येतं, 'आमचा डॉन साधा आवाजसुद्धा करत नाही.'

फिरायला नेताना पट्टा जरूर घ्या. तो आपल्या खांद्यावर टाकायचा असतो. कुणी फारच कटकट केली तर कुत्र्याच्या गळ्यात अडकवा आणि दुसरं टोक ड्रायव्हरच्या हातात द्या. ड्रायव्हरचं स्वतःचं वजन ५२ किलो असलं तरी हरकत नाही, तेवढाच त्याला व्यायाम.

मुसक्याचं नाव काढू देऊ नका. गावाकडे मळणीच्या वेळी बैलाला मुसकं घालतात, त्यात बैलाची काही बेअब्रू होत नाही. पण बैलाचं इन्स्टाग्राम खातं नसतं. जाळीच्या मुसक्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, आधीपासून सवय लावली तर तो ते मजेत घालतो, असं कुणी शहाणा सांगू लागला तर त्याला प्राणिद्वेष्टा म्हणा. हा शब्द एकदा उच्चारला की सोसायटीच्या मीटिंगमधला निम्मा आवाज बसतो. उरलेला निम्मा बसवायला भटक्या कुत्र्यांचा विषय काढा. 'गेटवरची आठ कुत्री चालतात, माझा एक चालत नाही?' चर्चा रात्री अकरापर्यंत पुरते.

खरी परीक्षा लिफ्टची. समजा, चौथ्या मजल्यावर दार उघडलं. समोर हातात पिशवी घेतलेल्या, सहाव्या मजल्यावर पोळ्या करायला निघालेल्या मावशी. डॉन आधी बसलेला असतो, तो उठतो. अंग ताठ, तोंड मिटलेलं, कान पुढे, नजर पिशवीवर खिळलेली. शेपूट वर ताठ आणि अगदी थोडीशी, बारीक हलतेय. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूश, हे आपल्याला पहिलीच्या पुस्तकापासून माहीत आहे. ताठ शेपूट अशी हलते तेव्हा कुत्रा खूश नसतो, तणावात असतो, हे बघण्याच्या फंदात पडू नका. तुम्ही फोन बघत असता. मान वर न करता म्हणा, 'या ना मावशी, तो काही करत नाही.' मावशी म्हणतात, 'राहू द्या दादा, मी जिन्यानं जाते.' गुडघे धरत त्या निघाल्या की तुम्हाला जरा वाईट वाटलं पाहिजे. लिफ्टमध्ये एवढी जागा होती!

हे वाक्य नीट घोटून ठेवा, पण प्रसंगाप्रमाणे बदलायला शिका. चावण्याआधी 'तो काही करत नाही.' चावत असताना 'तो खेळतोय.' चावून झाल्यावर 'आजवर त्यानं असं कधीच केलं नव्हतं, तुम्हीच काहीतरी केलं असणार.' माणूस घाबरला होता, धावला, धावला नाही, डोळ्यांत बघितलं, नजर चुकवली, हातात काठी होती, हात रिकामा होता: यातलं एक कारण लागू पडतंच. आमच्या ओळखीतल्या एका वॉचमनच्या बाबतीत 'युनिफॉर्म' हे कारण निघालं. तो युनिफॉर्म त्याला सोसायटीनंच दिलेला होता.

चावल्यानंतर आधी कुत्र्याचे दात तपासा, लागलं-बिगलं नसेल ना. समोरचा रक्त पुसत असेल तर त्याला पाचशेची नोट द्या आणि 'धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका' म्हणा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, रेबीजची लस शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस अशा दिवसांना चुकवायची नाही, कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचं औषधही टोचायचं: हे सगळं डॉक्टर सांगतील, आपण कशाला बोला? रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, असलं अभद्र बोलून वातावरण बिघडवू नका. कुत्र्याच्या लसीचं कार्ड मागितलं तर 'घरात कुठेतरी आहे' म्हणा. महापालिकेचा परवानाही तिथेच कुठेतरी असतो.

आता कायदा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. पेढे वाटण्यासारखीच गोष्ट, कारण जात बघून सरसकट फतवा काढणं हाही एक आळसच होता. प्राणी कल्याण मंडळानं सोसायट्यांना बजावलंय की कुत्रा पाळायला मनाई करता येणार नाही, लिफ्टही बंद करता येणार नाही. हा भाग मोठ्या अक्षरांत छापून लिफ्टमध्ये लावा. पट्टा बांधा, घाण उचला, हा त्याच मंडळाचा सल्ला कात्रीनं कापता येतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र अजून जागेवर आहे. जनावर हाताळताना निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्र्याची जात कुठली, हे त्यात कुणी विचारत नाही. मालक कोण, एवढंच विचारतात. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावत होता आणि मालक हसत होता, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि गुन्हा दाखल झाला तो मालकावर. तेव्हा हसू आलं तरी कॅमेरा बघून हसा.

तरी फार घाबरू नका, आपल्याकडे तारखा पडतात. नेपियन सी रोडवर २०१० साली एका मालकाचा रॉटवायलर एका वृद्ध गृहस्थांना चावला. मालकाला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली ती २०२३ साली. हे कुत्रे साधारण नऊ-दहा वर्षं जगतात, म्हणजे निकालाच्या दिवशी प्रकरणातला मुख्य साक्षीदार कधीच स्वर्गवासी झालेला असतो. वरळीत मात्र कोर्टानं जरा घाई केली. तिथे २०१८ साली लिफ्टमध्ये लहान मुलाला घेऊन उभा असलेला शेजारी 'मूल कुत्र्याला घाबरतं, थांबा' म्हणत होता, तरी मालकानं आपला हस्की आत ओढला. कुत्रा शेजाऱ्याला चावला, आणि मालक कुत्र्याला फरफटत आत नेतोय हे सीसीटीव्हीत दिसलं. २०२५ मध्ये शिक्षा, चार महिने सक्तमजुरी. सातच वर्षं. या वेगानं तुमचा डॉन निकालाच्या वेळी हयात असण्याची शक्यता आहे.

मग तुम्ही आत असताना त्याला फिरवणार कोण, हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. ड्रायव्हरनं काम सोडलंय. बायको बाल्कनीचं दार वीतभर उघडून ताट सरकवते आणि लगेच कडी लावते. वॉचमनला विचारून बघा, फक्त त्याची राहिलेली दोन इंजेक्शनं तेवढी आधी होऊन जाऊ द्या.