एमएच ३७० : आधी २:२५ चं सांग!

एमएच ३७०, म्हणजे २०१४ ला बेपत्ता झालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान. त्याची बातमी कुठेही छापून आली की पार्ल्याच्या कट्ट्यावर मंद्याला चेव चढतो. परवाही चहा यायच्या आत त्याने निकाल लावून टाकला. "विमान दिएगो गार्सियाला उतरवलं. अमेरिकेचा तळ, लांबलचक धावपट्टी आणि विचारणारं कोणी नाही. संपला विषय."

"इंधन पुरेल?" सुध्याने विचारलं. सुध्या बोइंग ७७७ च्या देखभालीतला लायसनवाला इंजिनियर, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न इंधनाचाच असतो. उत्तरही त्यानेच दिलं. "पुरेल म्हणा. ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून निघताना ४९,१०० किलो होतं. १:०७ ला एकार्सचा, म्हणजे विमानातून आपोआप माहिती धाडणाऱ्या यंत्रणेचा, शेवटचा निरोप गेला तेव्हा ४३,८०० शिल्लक. इंधनावर तुझं म्हणणं खोडता येत नाही."

मंद्या खूश झाला, तेवढ्यात नाना बोलले. नानांची उभी नोकरी आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रात गेली. "इंधनाचं राहू दे रे. उपग्रहाच्या नोंदींवरून नकाशावर काढलेली कडी बघ."

मलेशियाच्या वेळेने (आपलं घड्याळ अडीच तास मागे) त्या रात्री १:१९ ला कॉकपिटमधून 'गुड नाइट' आलं. दोनेक मिनिटांत, इगारी नावाच्या बिंदूशी, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) रडारवरून गेला. विमान वळलं, मलेशियाचं द्वीपकल्प ओलांडून पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरलं आणि २:२२ ला लष्करी रडारनेही त्याला शेवटचं पाहिलं. पुढचं सगळं इनमारसॅट या उपग्रह-संपर्क कंपनीच्या एका उपग्रहावरून कळलं. हा उपग्रह ६४.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. विमानाकडून तासभर काही आलं नाही की पर्थचं भूकेंद्र त्या उपग्रहामार्फत 'आहेस का' विचारतं आणि विमानातली पेटी आपोआप 'आहे' म्हणते. वैमानिकाला याचा पत्ताही नसतो.

"त्या 'आहे'ला किती उशीर झाला, ते मायक्रोसेकंदात नोंदलं जातं," नाना म्हणाले. "उशिरावरून अंतर मिळतं, दिशा नाही. म्हणून नकाशावर ठिपका उमटत नाही, कडं उमटतं. आता ८:१९ चं शेवटचं कडं घे. उपग्रहाच्या खालच्या बिंदूपासून ते सुमारे ४,८०० किलोमीटरवर आहे. तुझं दिएगो गार्सिया त्याच बिंदूपासून जेमतेम १,२०० वर. कड्याची चूक दहाएक किलोमीटरची असते, साडेतीन हजारांची नाही."

"पण नाना, नोंदी इनमारसॅटच्याच ना? त्यांनीच बदलल्या असतील तर?"

"असं धरू. पण हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर सापडलेला फ्लॅपेरॉन, पंखाच्या मागच्या कडेचा तो हलता भाग, कोणी बदलला?"

इथे सुध्या पुढे सरसावला. २९ जुलै २०१५ ला रेयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर उजव्या पंखाचा फ्लॅपेरॉन लागला. त्याची ओळखपट्टी गळून पडली होती. मग आतल्या भागांवरचे आकडे स्पेनमधल्या सेव्हिलच्या कारखान्याच्या नोंदींशी ताडले, तेव्हा तो याच विमानाचा ठरला. त्यावर समुद्रातल्या शंखधारी बार्नेकल्सची वस्ती होती. पुढे टांझानियाच्या पेंबा बेटावर उजव्या पंखाच्या बाहेरच्या फ्लॅपचा तुकडा मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी तर ७७७ चा खरा फ्लॅपेरॉन तसाच कापून समुद्रात सोडला आणि वारा त्याला कसा ढकलतो ते मोजलं. त्यांचं उत्तर आलं सुमारे ३५ अंश दक्षिण, त्या शेवटच्या कड्याजवळ.

मंद्याने दिएगो गार्सिया सोडलं, पण हार नाही मानली. हा त्याचा गुण की खोड, यावर कट्ट्याचं एकमत नाही. "बरं, मग आग. खाली लिथियम बॅटऱ्या होत्या."

"२२१ किलो," सुध्या म्हणाला. "आणि साडेचार टन मँगोस्टीन. पण आगीवाल्याने आधी मला २:२५ चं सांगायचं."

खरं भांडण इथे लागलं. रडारवरून विमान गेल्यावर तीनच मिनिटांनी त्याच्या सॅटकॉम पेटीने (उपग्रहाला 'आहे' म्हणणारी तीच) स्वतःहून उपग्रहाकडे लॉग-ऑन, म्हणजे नव्याने जोडणी, मागितलं. असं लॉग-ऑन ती बहुतेक वेळा वीज जाऊन पुन्हा आली की मागते. पेटीला वीज येते डाव्या मुख्य एसी बसवरून, म्हणजे विमानातल्या वीजवाहिनीवरून. कॉकपिटमध्ये सॅटकॉम बंद करायचं साधं बटण नाही. ती बस तोडायची तर ओव्हरहेड पॅनलवर जनरेटर आणि बस-टाय (दोन बस जोडणारा स्विच) दोन्ही सोडवावे लागतात, नाहीतर खालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यात उतरून ब्रेकर ओढावे लागतात.

"म्हणजे तुझी आग," सुध्या म्हणाला, "१:०७ नंतर कधीतरी पेटीची वीज तोडते, २:२५ ला ती जोडून देते, आणि पुढे सहा तास विमानाला बोटही लावत नाही. २०११ मध्ये कैरोला इजिप्तएअरच्या ७७७ च्या कॉकपिटला जमिनीवर आग लागली होती. कॉकपिटचं कवचच जळून भोक पडलं. ते काही मिनिटांत."

"धुराने सगळे बेशुद्ध, विमान ऑटोपायलटवर," मंद्या म्हणाला. "हेलिओस कंपनीच्या विमानाचं तसंच झालं होतं ना, २००५ ला, ग्रीसमध्ये?"

"झालं होतं, पण धुराने नाही, केबिनमधला हवेचा दाब कमी होऊन. इंधन संपेपर्यंत उडालं. शेवटच्या सहा तासांसाठी ते उदाहरण चालेलही. पण हेलिओसचं विमान आधीच भरलेल्या मार्गाने गेलं. इथे इगारीला वळण, मग पेनांगला वळण, मग अंदमानच्या बाजूला सामुद्रधुनीतून, मग दक्षिणेला वळण. मलेशियाचा २०१८ चा अहवालही म्हणतो की पहिलं वळण हाताने घेतलेलं असावं. बेशुद्ध माणूस इतकी वळणं घेत नाही."

"मग कॅप्टनच! घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागर सापडला होता."

"बिंदू सापडले. त्यावरून कोणी केलं हे सिद्ध होत नाही. त्याच अहवालात तिसऱ्या माणसाचा हात नाकारता येत नाही असंही आहे." नानांनी चष्मा पुसला. "वळण हाताने झालं इतकं यंत्र सांगतं. हात कोणाचा, ते यंत्राला कसं कळणार? टीव्हीवाल्यांना मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"आणि प्रवाशांचे फोन? नातेवाइकांना रिंग ऐकू येत होती."

"रिंग तुझ्या नेटवर्कने वाजवलेली असते रे. समोरचा फोन शोधत असतानाही वाजवतं," नाना म्हणाले. "खरी नोंद एकच आहे. सहवैमानिकाचा फोन १:५२ ला पेनांगच्या टॉवरला भिडला. कॉल नाही, नुसती हजेरी."

शेवटचा वाद नाना आणि सुध्यातच झाला, मंद्या चक्क गप्प. प्रश्न असा, की शेवटी कॉकपिटमध्ये कोणी होतं का? ८:१९ ला पेटीने पुन्हा लॉग-ऑन मागितलं. दोन्ही इंजिनं विझली की एसी वीज जाते, रॅम एअर टर्बाइन (रॅट, वाऱ्यावर फिरणारं छोटं टर्बाइन) बाहेर येतं, एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) तळाच्या उरल्यासुरल्या इंधनावर आपोआप सुरू होतं आणि पेटी मिनिटभरात जागी होते. हिशेब बसतो. २:२५ नंतर दीडेक मिनिटाने प्रवाशांच्या मनोरंजन यंत्रणेनेही उपग्रह गाठला होता. ८:१९ नंतर ती आलीच नाही.

"म्हणजे तेवढ्या वेळात विमान पाण्यात," नाना म्हणाले. "आठ सेकंदांच्या अंतराने दोन निरोप आले. त्यांच्या फ्रिक्वेन्सीवरून उतरण्याचा वेग काढला तर दुसऱ्या निरोपाला मिनिटाला किमान १३,८०० फूट. शिवाय पेंबाचा फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागे उघडतात ती पट्टी) मिटलेला होता. पाण्यावर उतरवणारा माणूस फ्लॅप उघडतो."

"कसा उघडणार? इंजिनं गेल्यावर रॅटचं हायड्रॉलिक फक्त मुख्य फ्लाइट कंट्रोलला मिळतं, फ्लॅपला नाही. मिटलेला फ्लॅप माणूस नव्हता हे सांगत नाही," सुध्या म्हणाला. "आणि सूर मारून परत वर घेतलं असेल तर? ३५,००० फुटांवरून ७७७ शंभर सागरी मैलांहून जास्त तरंगतं."

नानांना ते मान्य नाही, पण सुध्याचा मुद्दा टाकून देण्यासारखा नाही, कारण शोधाच्या पट्ट्याची रुंदी त्यावरच ठरते. २०१७ च्या जानेवारीपर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहून झाला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या समुद्रतळ धुंडाळणाऱ्या कंपनीने आणखी १,१२,००० पाहिला, तोही मुख्यतः कड्याला धरून. तरंगत गेलं असेल तर विमान त्या पट्ट्याबाहेर आहे. नानांचं म्हणणं, पट्ट्यातच आहे, पण खोल उतारांवर सोनारच्या सावलीत सुटलं.

"मग नवीन करार झाला ना?" मंद्याने शेवटी तोंड उघडलं.

"मार्च २०२५ ला, ओशन इन्फिनिटीशीच. १५,००० चौरस किलोमीटर, सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही तर शून्य."

"म्हणजे त्यांना ठाऊक आहे कुठे आहे ते!"

"ठाऊक असतं तर त्याच एप्रिलमध्ये हंगाम नाही म्हणून जहाज परत बोलावलं असतं का?" सुध्या म्हणाला, आणि मंद्या हंगामाबद्दलची स्वतःची थिअरी सांगू लागला.