बाहेरचा मॉनिटर लावला म्हणून गेम स्लो होत नाही, नव्या लॅपटॉपची घाई नको

सध्या रत्नागिरी-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पोरांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, की लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला की ग्राफिक्स कार्डला दोन स्क्रीन ओढाव्या लागतात म्हणून एफपीएस (गेम सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं दाखवतो ते) अर्धा होतो, आणि उपाय काय तर झाकण बंद करून खेळा, रॅम डबल करा, सोन्याच्या पिनची महाग एचडीएमआय केबल घ्या, तरी नाही जमलं तर नवा लॅपटॉप. आंब्याचे पैसे हातात आले की आईबाप पोरांचं ऐकतात, ते पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

"दोन स्क्रीनमुळे अर्धा एफपीएस." नाही हो. दुसऱ्या स्क्रीनवर नुसता डेस्कटॉप असेल तर त्याचा भार किरकोळ असतो. फरक पडतो तो पिक्सेलमुळे. १९२०×१०८० ला एका फ्रेमचे साधारण २१ लाख पिक्सेल, २५६०×१४४० चा मॉनिटर लावला की ३७ लाख, आणि फोर-केला (३८४०×२१६०) ८३ लाख, म्हणजे चौपट! गेम बऱ्याचदा आपणहून मॉनिटरचं पूर्ण रिझोल्युशन पकडतो आणि नाव मॉनिटरचं खराब होतं. गेमच्या सेटिंगमधे १०८० करून बघा.

आता मेसेजमधे जे नाहीच ते, केबल कुठल्या पोर्टला लावलीय? बऱ्याच गेमिंग लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, त्यामुळे एनव्हिडियाच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम आधी तिकडे कॉपी होते आणि मग दिसते. पण एचडीएमआय पोर्ट कित्येक मॉडेलमधे थेट एनव्हिडियाला असतो, म्हणजे मधला फेरा वाचतो आणि बाहेरच्या मॉनिटरवर एफपीएस उलट थोडा वाढतो, मेसेजच्या बरोब्बर उलट. टाइप-सी पोर्ट कधी प्रोसेसरच्या ग्राफिक्सला असतो, कधी एनव्हिडियाला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधे फिजएक्सच्या पानावर कुठला डिस्प्ले कुणाला जोडलाय ते दिसतं, बघून घ्या. आणि डिस्प्लेलिंकवाला यूएसबी अडॅप्टर असेल तर तो गेमसाठी नाहीच, चित्र दाबून पाठवायचं काम तो प्रोसेसरवर टाकतो.

"झाकण बंद करा" हे तर आपल्याकडे नकोच. एप्रिल-मेचा उकाडा, त्यात काही लॅपटॉप कीबोर्डमधूनही हवा घेतात, झाकण लावलं की तापून स्वतःच स्पीड कमी करतात. झाकण उघडं ठेवा, विंडोज आणि पी दाबून फक्त दुसरी स्क्रीन निवडा.

रॅमचं अर्धं खरं आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकल्यावर चांगला फरक पडतो, पण तो मॉनिटर काढला तरी पडेलच.

सोन्याच्या केबलने एक फ्रेम वाढत नाही. खाऱ्या हवेने पिना गंजल्या तर स्क्रीन मधेच काळी होते, गेम स्लो होत नाही. हां, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा) मॉनिटर विंडोजने ६० वरच ठेवलेला असतो कधीकधी, तेवढं डिस्प्ले सेटिंगमधे बदला. आणि जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्झलाच चालतं, तेव्हा अडकल्यासारखं वाटणारच.

चार्जरबद्दल तर कुणी बोलतच नाही. मॉनिटरच्याच टाइप-सी केबलने चार्जिंग होतंय म्हणून मूळ चार्जर काढून ठेवतात, पण ती केबल ६५ वॉट देत असेल आणि लॅपटॉपला १८० किंवा २३० चा चार्जर लागत असेल तर कार्ड हात आखडणारच. पावसाळ्यात अजून एक, लाइट जाते, मॉनिटर इन्व्हर्टरच्या प्लगवर असतो म्हणून चालू राहतो, लॅपटॉपचा चार्जर साध्या प्लगवर, तो बॅटरीवर गेलेला कळतही नाही आणि एफपीएस धाडकन खाली येतो.

एवढं करूनही शंका असेल तर ओरिजिनल चार्जर लावून तोच गेम, तेच रिझोल्युशन, आधी लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणि मग मॉनिटरवर चालवा. दोन्हीकडे सारखाच कमी आला तर लॅपटॉपच कमी पडतोय, मग नव्याचा विषय घरी खुशाल काढा.