एकच प्रयोग, पण पाच वेळा

लहान मुलांसाठी घरी करायचे प्रयोग शोधायला गेलं की सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी सगळ्यात आधी पुढे येतो. लाल रंग, फेस, टाळ्या आणि दहा मिनिटांत पसारा आवरून मोकळे. माझं स्पष्ट मत आहे की हा देखावा आहे, प्रयोग नाही. मूल खूश होतं, पण त्यानं स्वतः ठरवावं असं त्यात काहीच नसतं. एखादी गोष्ट बदलून पुन्हा करता आलं पाहिजे, आणि या वेळी काय होईल ते मुलानं आधी बोलून दाखवलं पाहिजे. तेवढं झालं की अगदी साध्या सामानातही चार-पाच दिवस निघतात.

तेच सोडा-व्हिनेगर घ्या, पण फेसाऐवजी फुगा मोजा. अर्धा लिटरच्या बाटलीत 60 मिली पांढरं व्हिनेगर ओता. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण याला उत्तम. फुग्यात नरसाळ्यानं चहाचा अर्धा चमचा खाण्याचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि मग उभा करून सोडा आत पडू द्या. फुगला की त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून लांबी मापायची आणि दोरा तिथेच कापून कागदावर चिकटवायचा. पुढच्या वेळी तेवढंच व्हिनेगर, पण सोडा एक चमचा. त्यानंतर दोन चमचे.

दोन चमच्यांना फुगा आणखी मोठा होणार, असं बहुतेक मुलं छातीठोकपणे सांगतात. होत नाही. 60 मिली व्हिनेगरमधलं आम्ल साधारण 4 ग्रॅम सोड्यातच संपतं, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. उरलेला सोडा बाटलीत तसाच राहतो. हे लगेच समजावून सांगू नका. फुगा काढून बाटलीत थोडं व्हिनेगर ओता, पुन्हा फसफसेल. ते पाहून मूल स्वतःच म्हणतं, ‘व्हिनेगर संपलं होतं.’ मापं मात्र दर वेळी सारखीच हवीत. चमचा शिगोशीग भरला की सगळा हिशेब बिघडतो, म्हणून पट्टीनं सपाट करायला शिकवा.

इथे बिघडतं ते असं. नरसाळं ओलं असेल तर सोडा त्यातच चिकटून बसतो. नवा फुगा ताठ असतो, म्हणून मोठ्यांनी तो एकदा तोंडानं फुगवून सैल करून ठेवावा. बाटलीच्या तोंडाशी फुगा नीट बसला नाही तर वायू निसटतो, तिथे बोटांनी धरून ठेवायला दुसरं कुणीतरी हवं. आणि फुग्याचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. फुटला की सगळे तुकडे वेचून लगेच कचऱ्यात टाका, नंतर उचलू म्हणून ठेवू नका.

मला सगळ्यात जास्त आवडते ती कागदाची भिंगरी, कारण ती हस्तकलाही आहे आणि प्रयोगही. 20 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद साध्या कागदाची पट्टी घ्या. वरच्या टोकापासून मधोमध 9 सेंटिमीटर खाली कापा, हे झाले दोन पंख. वरून 10 सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी 2-2 सेंटिमीटर आत काप द्या. खालचे दोन्ही कडेचे भाग एकावर एक दुमडले की 2 सेंटिमीटर रुंद दांडी तयार होते. दांडीचं टोक थोडं वर दुमडून त्यावर कागदाची पिन, म्हणजे यू-क्लिप, लावा. एक पंख पुढे वाकवा, एक मागे. मोठ्या माणसानं हात उंच करून दोनेक मीटरवरून सोडायची. सुरुवातीला थोडं अंतर ती नुसतीच पडते, मग गती घेते. म्हणूनच मुलाच्या उंचीवरून सोडली तर पुष्कळदा फिरायच्या आतच जमिनीवर येते आणि बिघडली असं वाटतं.

फिरतच नसेल तर आधी पंख बघा. दोन्ही एकाच बाजूला वाकवलेले असतात, किंवा पार खाली लोंबत असतात. ते जवळजवळ आडवे हवेत. पिन नसेल तर भिंगरी सरळ न राहता कोलांट्या खाते. पुठ्ठा घेतला तर ती जड होऊन धपकन पडते. आता गंमत अशी की पंखांची दिशा अदलाबदल केली, पुढचा मागे आणि मागचा पुढे, की ती उलटी फिरते. एका पंखावर गडद ठिपका काढला तर ही दिशा डोळ्यांना पकडता येते. खालून येणारी हवा दोन्ही पंखांना तिरकी लागते आणि त्यांना विरुद्ध दिशांना ढकलते, म्हणून भिंगरी गरगर फिरते. पंख आखूड करा, दोन पिना लावा, दर वेळी ‘लवकर पडेल की उशिरा?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मोठ्यांना गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.

पाण्यात काही करायचं असेल तर मातीची होडी. साधारण 50 ग्रॅम तेलकट रंगीत माती, जी पाण्यात विरघळत नाही ती. पिठाच्या गोळ्याची होडी करू नका, पाण्यात विरघळून चिखल होतो. मातीचा गोळा बुडतो, त्याच मातीची पातळ वाटी तरंगते. गोळा जेमतेम 30 मिलीच्या आसपास पाणी बाजूला सारतो, तरंगायला 50 मिली सारावं लागतं. वाटीला ते जमतं, कारण तिच्या पोटात हवा असते. मग त्यात एकेक गोटी ठेवून किती मावतात ते मोजायचं. होडी कलंडली तर दोष बहुतेकदा वजनाचा नसतो, गोट्या एका बाजूला झालेल्या असतात. कड उंच करायला गेलं की तळ पातळ होऊन भोक पडतं, हेही मुलांना स्वतः करूनच कळतं.

काळ्या स्केचपेनाचे रंग वेगळे करायला टिपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद लागतो. ठिपका कागदाच्या टोकापासून 2 सेंटिमीटर वर काढायचा, ते टोक पाण्यात बुडवायचं, आणि पाण्याची पातळी ठिपक्याच्या खालीच. ठिपका बुडाला तर शाई सरळ पाण्यात उतरते. पक्क्या शाईचा मार्कर इथे चालत नाही, ती पाण्यात विरघळतच नाही.

कात्रीबद्दल एक. कात्री वळवायची नाही, कागद वळवायचा. डावखुऱ्या मुलाला नेहमीची कात्री दिली तर वरचं पातं रेघ झाकतं आणि कागद कापण्याऐवजी पात्यांत दुमडतो. हात वाईट म्हणून त्याला रागावण्याआधी डावखुरी कात्री आणून बघा.

आणि तीन वस्तू लहान मुलांच्या सामानात नकोतच: बटणासारख्या बॅटऱ्या, छोटे जोरकस चुंबक आणि पाण्यात फुगणारे मणी. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करू शकते. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंतींना मध्ये घेऊन एकमेकांना चिकटतात. मणी पोटात जाऊन तिथेच फुगतात. यांतलं काहीही गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.