जखमेवर चांदीचा वर्ख: फिरणाऱ्या मेसेजबाबत खुलासा

"मोठ्या दवाखान्यात चांदीचीच पट्टी लावतात. घरी शुद्ध वर्ख चिकटवा, अँटिबायोटिक लागणार नाही," असा मेसेज विटा-आटपाडीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो.

आपल्याकडची गलाई मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात. कस कसा बघायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण इथे प्रश्न कसाचा नाहीच. नुसता धातू जंतूंचं फारसं काही बिघडवत नाही. ओलाव्यात चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, सुटतात, जंतूंच्या आवरणाला आणि प्रथिनांना चिकटतात, तेव्हा जंतू मरतात. दवाखान्यातली पट्टी हे आयन बेताबेताने सोडते आणि निर्जंतुक असते. मिठाईवरचा वर्ख कुणाकुणाच्या हातातून आलेला असतो, देव जाणे.

बरं, खरी पट्टीही रामबाण नव्हे. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू पटापट मरतात. जखमेच्या स्रावातले क्लोराइड आणि प्रथिनं मात्र बरीच चांदी अडवून ठेवतात. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, त्यातही क्लोराइड असतं; म्हणून तर काही चांदीच्या पट्ट्या सलाइनऐवजी निर्जंतुक पाण्याने भिजवतात. शिरांच्या बिघाडामुळे पायावर होणाऱ्या व्रणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांदीची पट्टी आणि साधी पट्टी यांत जखम भरण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही.

शुगर असलेल्यांनी तर हा प्रयोग मुळीच करू नये. पायाची जखम लाल, गरम झाली, वास आला किंवा ताप भरला, तर वर्ख न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सांगली-मिरज काही लांब नाही.