खंभातचं लाकूड आणि कृष्णाची द्वारका

"समुद्राखाली 9,500 वर्षांपूर्वीची श्रीकृष्णाची द्वारका सापडली, कार्बन डेटिंगने ती सिद्ध झाली, महाभारतातही तेच लिहिलंय, पण इतिहासकारांनी सगळं दडपलं." हा मजकूर सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पुन्हा जोरात फिरतोय. द्वारकेतलं पहिलं शास्त्रीय उत्खनन 1963 मध्ये आपल्याच डेक्कन कॉलेजने पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांच्या देखरेखीखाली केलं. त्याच पुण्यात हा मजकूर न तपासता पुढे ढकलला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो 9,500चा आकडा. तो द्वारकेचा नाहीच, खंभातच्या आखाताचा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला तिथे 30-40 मीटर खोलीवर सोनारमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी समुद्रतळाचं चित्र काढणाऱ्या यंत्रात, चौकोनी आकृत्या दिसल्या आणि 2001-02 मध्ये त्याची घोषणा झाली. द्वारका सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, खंभातचं आखात पूर्वेला. मधे तीनशेहून जास्त किलोमीटर. दोन वेगळ्या बातम्या कुणीतरी एकत्र शिवल्या आहेत.

आता "कार्बन डेटिंगने सिद्ध". तपासलं गेलं ते समुद्रतळ उपसताना वर आलेलं लाकूड. कार्बन डेटिंग सांगतं ते झाड कधी मेलं एवढंच. ते कुणी तोडलं, त्याची तुळई केली की ते आपोआप उन्मळून पडलं, यातलं काहीही ती चाचणी सांगत नाही. शिवाय साडेनऊ हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा कितीतरी मीटर खाली होती. आज आखाताखाली असलेल्या बऱ्याच भागात तेव्हा जमीन असणार आणि जमिनीवर झाडं असणारच. त्या काळातलं लाकूड तिथे मिळणं अगदी स्वाभाविक आहे, शहर असो वा नसो. त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती या चारही नद्या त्याच आखातात गाळ आणून टाकतात आणि तिथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. अशा ढवळलेल्या तळातून उपसलेली वस्तू मुळात कुठल्या थरात होती हे कसं ठरवणार? थर हरवला की वस्तूची साक्षच हरवते.

सोनारच्या आकृत्यांवर फार वेळ घालवत नाही. जोरदार प्रवाहात वाळूचे सरळ बांध तयार होतात. पाणबुड्याने खाली जाऊन भिंत पाहिल्याशिवाय चौकोनाला घर म्हणता येत नाही.

मग खुद्द द्वारकेजवळ काहीच नाही का? आहे, आणि ते मोलाचं आहे. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1980च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून तिथे पाण्याखाली शोध घेतला. घडीव दगड, भिंतींचे अवशेष, भोकं पाडलेले दगडी नांगर मिळाले. बेट द्वारकेला तीन जनावरांची डोकी कोरलेली शंखाची मुद्रा मिळाली. बेटावर उत्तर-हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यात, वस्ती होती हे मला मान्य आहे. पण रावांनी बुडालेल्या भिंतींना लावलेला सुमारे साडेतीन हजार वर्षांचा काळ त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांना पटला नाही. त्यांना ते बरंच नंतरचं बंदर वाटतं. दगडाचं कार्बन डेटिंग होत नाही. तसले नांगर शतकानुशतकं वापरात होते आणि नांगर सापडला की तिथे जहाजं थांबत होती एवढंच कळतं. डेक्कन कॉलेजच्या खोदकामातही द्वारका गावातले सर्वांत जुने थर इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासचे निघाले होते.

महाभारताचा मुद्दा मी आदराने घेतो. मौसलपर्वात समुद्र द्वारका गिळतो. किनारा बुडाल्याची जुनी आठवण त्यात जपलेली असू शकते. पण भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 खपून, महाभारताच्या अनेक पोथ्या ताडून केलेली चिकित्सक आवृत्ती आपल्याला साक्ष कशी मोजायची ते दाखवते. शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील तर साक्षीदार एकच. पाचशे ग्रुपवर आलेला मजकूरही एकच साक्षीदार आहे, आणि त्याने काय पाहिलं हे तो सांगत नाही.

"दडपलं" हा आरोप तर टिकतच नाही. खंभातची घोषणा केंद्रीय मंत्र्यांनी केली होती. रावांचं काम छापलेलं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाणबुडे पुन्हा द्वारकेच्या समुद्रात उतरले.

पक्का पुरावा कसा असतो हे पाहायला पुणे जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक हंगाम खोदकाम केलं. इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळातली घरं, चुली, धान्य थरांसकट हाती आलं. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत लहान मूल पुरलेलं. मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडलेली. या गावावर एकही पुराणकथा नाही, तरी तिथली माणसं कशी जगली ते आपण ठामपणे सांगू शकतो.

द्वारकेकडून मला एवढंच हवंय: पाण्याखालच्या जागच्या जागी राहिलेल्या थरातली चूल, तिच्यातला कोळसा, त्याच थरातली खापरं आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी दिलेले जुळते काळ. ते मिळालं की ती बातमी सगळ्या ग्रुपवर मी स्वतः पाठवीन.