विजयदुर्गला जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून जा

दिवाळीनंतर तीन दिवस विजयदुर्गला राहून आलो आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय. लांबलंय, सॉरी.

रूट आधीच सांगतो, नाहीतर इनबॉक्समध्ये तेच विचाराल. हायवे तळेऱ्याला सोडायचा, तिथून पन्नासेक किलोमीटर आत, पडेल कॅन्टीनवर चहा, मग गिर्ये, रामेश्वर, आणि पुढे रस्ताच संपतो. बहुतेक लोक काय करतात, किल्ल्यात दीड तास, तिहेरी तटबंदी, तोफगोळ्यांपाशी सेल्फी, खाली सुरमई थाळी आणि गाडी मालवणकडे. मीही दोनदा हेच केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ किल्ल्यांमध्ये विजयदुर्ग आला, आता हे असले दीड तासवाले अजून वाढणार.

पण हा किल्ला मुळात बंदरासाठी आहे हो! वाघोटनची खाडी समुद्राला मिळते तिथे तोंडावरच तो बसलाय, आणि त्याच्या आडोशाला आत खोल, शांत पाणी. तोंडाशी वाळूचा दांडा नाही, त्यामुळे खवळलेल्या समुद्रातून जहाज आत शिरलं की सुटलं. शिवाजी महाराजांनी १६५३ला हे ठिकाण आदिलशहाकडून घेतलं, पुढे आंग्र्यांनी इथेच आरमार ठेवलं, ते उगाच नाही. आणि हेच आरमार १७५६च्या फेब्रुवारीत इथेच जळालं. इंग्रज समुद्रातून आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज. एका जहाजावर गोळा पडला, आग लागली आणि एकाला एक बांधलेली सगळी जहाजं पेटत गेली. तुळाजी आंग्रे डोईजड झाला होता हे मान्य, पण आपलंच आरमार बुडवायला इंग्रजांना हाताशी धरायचं? जेटीवर उभं राहून त्या पाण्याकडे बघताना राग येतो, अजूनही.

जिथे राहिलो होतो त्या काकींनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "गोदी बगलास?" म्हटलं नाही. "मगे काय बगलास? सकाळी जावा, सुकती लागली काय दिसता." सुकती म्हणजे ओहोटी.

गेलो. रामेश्वरच्या बाजूला खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, खडकात खोदलेली. आयडिया एकदम साधी. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरतं आणि जहाज कोरडं पडतं, मग तळाला चिकटलेला कचरा खरवडा, फळ्या बदला, फटी बुजवा आणि पुढच्या मोठ्या भरतीला बाहेर काढा. ना पंप ना काही, सगळं काम चंद्र करतो! मी पोचलो तेव्हा अर्धं पाणी उतरलं होतं, चिखलाचा तो खारट कुबट वास, खेकडे इकडून तिकडे पळतायत, आणि एक बाई खडकावर उकिडव्या बसून कालवं फोडत होत्या. लोखंडी टोकाने एक ठोका, शिंपला उघडला, बोटाने मांस ओढून डब्यात. पुन्हा ठोका. तासभर मी तिथे होतो, त्यांनी एकदाच मान वर केली, तीही माझी सावली कामावर पडली म्हणून. तासाभरात दुसरा एकही टुरिस्ट आला नाही.

आता ज्यावरून शिव्या खाणार ते. हेलियम. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथूनच हेलियम वायू शोधला. त्या तारखेला कार्यक्रमही करतात. अहो, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण यान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने बघितलं ते आंध्रातल्या गुंटूरहून, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, ऑक्टोबरमध्ये तिकडेच पकडली. शिवाय साधा विचार करा, ऑगस्टमध्ये कोकणात दुर्बीण लावून कोण बसेल? आपल्याला समोरची जेटी दिसत नाही, साहेबाला सूर्य दिसणार होय!

गंमत म्हणजे लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८चं खग्रास ग्रहण. सोबत युद्धनौकेवरचे खलाशी, त्यांनाच ट्रेनिंग देऊन त्याने निरीक्षणाच्या कामाला लावलं. हेलियम तोपर्यंत, १८९५ला, रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरच शोधून काढला होता. म्हणजे खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा भारी आहे! जगातला एक मोठा खगोलशास्त्रज्ञ सामानसुमान घेऊन या एवढ्याशा बंदरात उतरतो, अजून काय पाहिजे? पण आपल्याला 'इथेच शोध लागला'शिवाय चालत नाही आणि तिकडे गोदी शेवाळत पडलीय.

शेवटच्या रात्री जेवताना हे सगळं काकांना ऐकवलं. ते सोलकढी पीत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे १८ ऑगस्टाचो कार्यक्रम बंद करूचो?" म्हटलं बंद कशाला, २२ जानेवारीला करा, आकाशही स्वच्छ असतं. काकांनी वाटी खाली ठेवली.

"जानेवारीत माझ्यो रूमा फुल्ल आसतत. ऑगस्टात कोण येता हय? ऱ्हवांदे तो ऑगस्टातच."