भाडी गोठवून कुलपं उघडणार नाहीत

सोलापुरात घरभाड्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'एकदा घर दिलं की भाडेकरू हलत नाही' हे मालकांचं. 'जर्मनीसारखा भाड्याला लगाम घाला' हे भाडेकरूंचं. बर्लिनमध्ये राहून बघितलं तर दोन्ही अर्धवट वाटतात.

आधी लगामाचं. बर्लिनने फेब्रुवारी 2020 मध्ये सुमारे 15 लाख जुन्या घरांची भाडी गोठवली. आत राहणारे सुखावले, पण नव्याने घर शोधणाऱ्यांना जाहिरातीच दिसेनात. एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या संविधान न्यायालयाने कायदा रद्द केला, कारण भाड्याचा विषय केंद्राच्या कायद्यात आधीच होता. मग कित्येक भाडेकरूंना वाचलेला फरक मालकाला परत भरावा लागला. मुंबईला हे नवीन नाही. भाडं गोठलं, डागडुजी थांबली आणि पगडी, म्हणजे भाड्याची जागा मिळवायला द्यायची एकरकमी रक्कम, फोफावली, हे तिने दशकानुदशकं भोगलंय.

आता मालकांची भीती. ती जुन्या भाडेकरारांपुरती खरी आहे. पण राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायची परवानगी देणाऱ्या कराराचा, मार्ग वेगळा ठेवलाय. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, समोरच्याला बाजू मांडायची परवानगी 30 दिवसांत मागावी लागते, आणि ताबा देईपर्यंत भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकाला आणखी काय हवं?

अडतं कागदावर. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून 'अॅग्रीमेंट झालं' म्हणायची आपल्याकडे रीतच पडलीय. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत! वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाचवतात किती? आठ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, 11 महिने धरले तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने फार तर तीनशे आणि शहरात नोंदणी फी हजार. एजंटची फी वेगळी.

जर्मनीतून आणायचंच तर हे आणा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही तीन हप्त्यांत, आणि मालकाच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात. ताबा देताना-घेताना कागदावर मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, भिंतीची भेग, गळका नळ. म्हणजे रंगाच्या नावाखाली डिपॉझिट कापायला जागा उरत नाही. मालकाला घर सोडवायचं तर कारण द्यावं लागतं, आणि नोटीस तीन महिन्यांची. पाच वर्षांनी सहा, आठ वर्षांनी नऊ. आपल्याकडे दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलवायचा, पोरांच्या शाळेचं काय ते बघायचं. खरं तर लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतं. अकरा ही निव्वळ सवय.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची योजना झाली, त्यातली 15,000 जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. विडी कामगारांसाठी ते मोठंच काम. पण शिकायला किंवा दोन वर्षांच्या नोकरीला आलेल्याला मालकीचं घर नको, भाड्याचं हवं.

आणि भाड्याने देता येतील अशी कित्येक घरं आपल्याच, परदेशात बसलेल्यांच्या कुलपाखाली आहेत. कारण नुसती भीती नाही. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने त्यातून 31.2 टक्के कर कापून भरायचा, त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा नंबर, काढायचा. आठ हजारांच्या घरासाठी हे कोण करणार? कमी दराने कापायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं. अर्ज मालकाने करायचा. नोंदणीसाठी सोलापुरातल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं.